कोंडवाड्यातल्या नोंदवह्या

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. मी अजून तिथल्याच नगरपंचायतीत लिपिक आहे आणि निवृत्तीला बरीच वर्षं आहेत. शहाद्याहून म्हसावदच्या बाजूनं डोंगराकडे निघालं की केळीच्या बागा मागं पडतात, मग कापूस मागं पडतो आणि समोर सातपुड्याची पहिली रांग दिसायला लागते. तिथंच कुठं तरी आमचं गाव आहे, एवढं पुरे. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथं ग्रामपंचायत होती. मोठं गाव आणि डोंगराच्या पायथ्याचे चार पाडे मिळून एक ग्रामपंचायत. आता ती नाही. ती कशी सुरू झाली, कुणी चालवली, तिच्यात काय काय घडलं हे नीट सांगू शकेल असं एकच माणूस गावात उरलंय, आणि ते माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही ते बरोबरच आहे.

यमुनाआक्का ग्रामपंचायतीत लिपिक होत्या. त्यांचा नवरा आधी त्या जागेवर होता. तो तापानं गेला तेव्हा आक्कांच्या कडेवर एक मुलगी होती आणि पदरी दहावीचं सर्टिफिकेट. तेव्हाच्या सरपंचांनी मासिक सभेत ठराव केला आणि त्यांना नवऱ्याच्या खुर्चीवर बसवलं. दहावी झालेल्या बायका गावात दोनच होत्या. दुसरी सरपंचांची सून होती आणि तिला घराबाहेर पाठवायचं नव्हतं. "माले दया करीसन नही लिन्हं," आक्का सांगायच्या, "दुसरं कोनी नव्हतं म्हनीसन लिन्हं."

मी तिथं संगणक चालवायला लागलो तेव्हा त्यांची वीस-बावीस वर्षं नोकरी झाली होती. बुटक्या, सावळ्या, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही आणि आवाज कधी खाली आला नाही. सगळ्यांशी अहिराणीत बोलायच्या. तालुक्याचा साहेब आला तरी अहिराणीच. नोंदवहीत मात्र शुद्ध मराठी, आणि अक्षर असं की आंधळ्या म्हाताऱ्याच्या बोटालाही वाचता यावं. लिहायच्या काळ्या शाईनं. निळी उडते म्हणून निळ्या पेनाला त्यांच्या टेबलावर जागा नव्हती. चहा आला की उठून ओट्यावर जायच्या. वहीजवळ कुणाचा पेला येऊ द्यायच्या नाहीत, सरपंचांचासुद्धा. कपाटात प्रत्येक वही जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली आणि मधेमधे कडुनिंबाचा वाळलेला पाला.

जन्म-मृत्यूच्या नोंदी हे त्यांचं खास काम. बाकीची कामं त्या करायच्या, हे जपायच्या.

पाड्यावरची बाई मुलाची नोंद करायला यायची. तिला तारीख सांगता यायची नाही. आक्का तारीख विचारायच्याच नाहीत. "बाजारना आधी का मांगे?" असं सुरू करायच्या. होळी पेटून गेली होती का, मोहाची फुलं वेचायला जात होता का, त्या दिवशी चंद्र होता का. बाई आठवत आठवत बोलायची, कधी तिच्या पावरी बोलीत, कधी मोडक्या अहिराणीत, आणि आक्का उठून खिळ्यावरून त्या वर्षाचं कॅलेंडर काढायच्या. नोकरीला लागल्यापासूनची सगळी कॅलेंडरं त्यांनी सुतळीनं बांधून तिथं टांगली होती. एका चौकोनावर बोट ठेवून म्हणायच्या, "हाऊ दिन." मग नाव. नाव बापाला विचारायच्या नाहीत, आईला विचारायच्या, आणि ते मोठ्यानं दोन-तीनदा म्हणून दाखवायच्या. आईनं मान हलवली की लिहायच्या. एकदा शाळेतल्या गुरुजींनी डेमशाचं दामोदर करून आणलं. त्यांचं म्हणणं, चांगलं दिसतं. आक्कांनी कागद परत केला. "त्यानी माय त्याले डेमशा म्हनस. तुम्ही कोन?"

ह्या हट्टाचा लोकांना त्रासही व्हायचा, हे सांगायला पाहिजे. एका माणसाला त्यांनी तीन खेपा घालायला लावल्या, कारण तो बायकोला न आणता मुलाचं नाव सांगत होता. शेवटी ती बाळंतीण आठ दिवसांचं पोर घेऊन पाड्यावरून चालत आली. ओट्यावर बसली तेव्हा तिचे पाय सुजलेले होते. मी त्या दिवशी आक्कांशी भांडलो. त्यांनी तिला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली, पाणी दिलं, पण चूक कबूल केली नाही. आपली चूक कबूल करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

शाळेचे मुख्याध्यापक एकदा पोरांची यादी घेऊन आले. पस्तीसेक पोरं, सगळ्यांची जन्मतारीख एक जून. अर्ध्या जिल्ह्याचा जन्म एक जूनचा आहे, माझ्या थोरल्या भावाचासुद्धा, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आक्कांनी यादी वाचली आणि चष्मा काढला.

"गुरुजी, एक जूनले आपला गावमा जत्रा भरस का?"

"आक्का, शाळेच्या सोयीसाठी तसं लिहितो आम्ही. सगळीकडे तसंच असतं."

"शायानी सोय शायामा लिखा. आठे जनमनी तारीख लिखतस."

पुढचे सहा दिवस त्या कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन पाड्यांवर फिरल्या. चार पोरं सोडून सगळ्यांच्या तारखा सापडल्या. त्या चारांपुढं त्यांनी "तारीख माहीत नाही" असं लिहिलं, आणि हे लिहिताना त्यांचा चेहरा हरल्यासारखा झाला होता.

माझ्या सहीवरूनही त्यांचं-माझं व्हायचं. मी सही म्हणजे एक वळवळती रेघ काढायचो. त्या कागद उचलून विचारायच्या, "हाई काय शे?"

"सही."

"कोनी?"

"माझी."

"मन्ही म्हंजे कोनी, रवींदर? उद्या तू आठे नही ऱ्हायना त दुसरानी कसं वाचानं?"

मी हसायचो. सही बदलली नाही.

दुपारी गर्दी ओसरली की त्या ग्रामपंचायतीच्या जुन्या गोष्टी सांगायच्या. पहिल्यांदा पंचायतीला इमारतच नव्हती. गावाबाहेर गुरांचा कोंडवाडा होता, दगडी भिंतींचा, आणि त्याला लागून राखणदाराची एक खोली. पहिली सभा त्या खोलीत झाली. पहिले सरपंच प्रकाशा गावाहून इकडे येऊन जमीन घेतलेल्या गुजर घरातले. सतरंजीवर सगळे सभासद बसले आणि पाड्यातून निवडून आलेला सभासद बाहेर पायरीवर बसला, कारण आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही. दोन सभा तो तसाच बसला. तिसऱ्या सभेत दारातूनच म्हणाला की पाड्याला विहीर पाहिजे. ते कार्यवृत्ताच्या वहीत लिहिलं गेलं. विहीर व्हायला अकरा वर्षं लागली, तोवर तो माणूस मेला होता. आक्कांनी ती वही मला काढून दाखवली होती. "लिखेल व्हतं म्हनीसन व्हयनी," त्या म्हणाल्या. "लिखेल नही ऱ्हातं त कोनी मांगलंच नही असं म्हनतात."

मला त्या वेळी ह्या गोष्टींचा कंटाळा यायचा. आज त्यातल्या निम्म्याच आठवतात.

आता अण्णांबद्दल. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, ट्रॅक्टरची एजन्सी आहे, रस्त्यालगत मोठं घर आहे. ग्रामपंचायत असतानाच एका सकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले, आक्कांसमोर बसले आणि आवाज बारीक करून म्हणाले की त्यांच्या आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत जातीच्या रकान्यात एक शब्द राहून गेलाय, तेवढा घालायचा. जुन्या वह्यांमध्ये जातीचा रकाना असायचा, आणि आदिवासी असल्याचा दाखला काढताना आजोबा-पणजोबांची अशी नोंद फार उपयोगी पडते. अण्णांची जात सगळ्या गावाला माहीत होती. त्यांना हवा असलेला शब्द वेगळा होता.

आक्कांनी वही काढली, गाठ सोडली, पान उघडून त्यांच्यापुढं फिरवलं.

"पुरं लिखेल शे. काही ऱ्हायेल नही."

"आक्का, एक शब्द. कुणाचं काय जातंय?"

"मरी जायेल मानूसनी जात बदलाले माले येत नही, अण्णा. जित्तानी तुम्ही बदला, कोठे बदलतस तठे."

अण्णा हसत उठले. पेढे टेबलावर राहिले. आक्कांनी ते शिपायाच्या हाती त्यांच्या घरी परत पाठवले. मी म्हणालो, पेढे तरी ठेवायचे होते.

पुढं अण्णांनी दुसरीकडून कुठून तरी दाखला मिळवला. कसा, ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं.

मग ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. ज्या दिवशी अधिसूचना निघाली त्या दिवशी चौकात डीजे लागला, फटाके फुटले, गुलाल उधळला. गाव आता शहर झालं म्हणून. अण्णा आदिवासींसाठी राखीव वॉर्डातून नगरसेवक झाले. तालुक्याहून मुख्याधिकारी आले, तरुण, चटपटीत, आणि आम्हा कर्मचाऱ्यांच्या समावेशनाच्या फायली सुरू झाल्या. ग्रामपंचायतीतल्या कुणाला नव्या नोकरीत घ्यायचं आणि कुणाला नाही, ते ठरणार होतं. मला संगणक येत होता, माझं झालं. निदान होईल असं दिसत होतं. आक्कांच्या फायलीवर शेरा आला की नेमणुकीचा ठराव जोडलेला नाही.

ठराव होता. तो ज्या कार्यवृत्ताच्या वहीत होता ती वही बाकीच्या जुन्या दप्तरासोबत कोंडवाड्याशेजारच्या त्याच पहिल्या खोलीत नेऊन टाकली होती, कारण कार्यालयाला रंग लावायचा होता आणि कपाटं नवी यायची होती. आक्का म्हणाल्या, किल्ली द्या, पाच मिनिटांत काढून देते. साहेब म्हणाले, आमचे लोक शोधतील. आमचे लोक म्हणजे मी. मी एकदा जाऊन आलो. आत पाल आणि अंधार होता. सापडला नाही असं सांगितलं.

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना आक्का घरी बसल्या.

घरी बसल्या म्हणजे आठवडाभर. नंतर त्या रोज सकाळी कोंडवाड्यापर्यंत चालत जायच्या आणि खोलीचं कुलूप बाहेरून पाहून यायच्या. पावसाळा लागला तसं त्यांनी छपराकडे बोट दाखवायला सुरुवात केली. तीन कौलं फुटली होती. त्यांनी दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी दिलं. साहेब म्हणाले, सगळं डिजिटल होणार आहे, स्कॅनिंगचं टेंडर काढतोय. जुलैच्या एका दुपारी शिपायानं घोंगडं शोधायला म्हणून खोली उघडली आणि आक्का मागोमाग आत शिरल्या. दोन वह्या भिजून फुगल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्या कार्यालयात आल्या. हातात अर्ज, दोन प्रतींत. वर जन्म-मृत्यूच्या एक्केचाळीस वह्यांची यादी, खाली लिहिलेलं की खोली गळत असल्यानं छप्पर दुरुस्त होईपर्यंत ह्या वह्या मी माझ्या घरी सुरक्षित ठेवत आहे, कार्यालयानं मागताच परत करीन. साहेब नंदुरबारला मीटिंगला गेले होते. मी अर्ज वाचला.

"आक्का, साहेब येऊ द्या ना."

"साहेब यी तवलोंग पानी थांबाव शे का? शिक्का मार."

मी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, खाली सही केली. त्यांनी सही पाहिली. कागद घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. शिपायानं किल्ली दिली. दोन हातगाड्या भरून वह्या भर दुपारी, मुख्य रस्त्यानं, सगळ्या गावासमोर त्यांच्या घरी गेल्या. लपवण्यासारखं काही त्यांच्या मनातही नव्हतं.

मग लोक त्यांच्याकडे यायला लागले. नोंद शोधायची असली की कार्यालयात यायच्या आधी आक्कांच्या ओट्यावर. त्या दाखला देत नव्हत्या. तो अधिकार आपला नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या वर्ष आणि पान क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायच्या आणि सांगायच्या, हापिसमा जा, म्हना वही मांगाडी ल्या. अशीच एक चिठ्ठी घेऊन रमिला आली. पाड्यावरची मुलगी, बारावी झालेली, नर्सिंगला नंबर लागला होता. जात पडताळणीसाठी आजोबांच्या मृत्यूची नोंद हवी होती. साहेबांनी चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, ही कुणी लिहून दिली?

त्याच सुमाराला अण्णांच्या विरोधात हरलेल्या माणसानं अर्ज टाकला की अण्णांच्या आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल मिळावी. रमिलाचा आजोबा आणि अण्णांचे आजोबा एकाच वर्षात मेले होते, पंचवीसेक पानांच्या अंतरानं, एकाच वहीत.

आठवड्याभरात आक्कांच्या विरोधात शासकीय अभिलेख चोरल्याची तक्रार झाली.

पंचनाम्याला मला नेलं, वह्या ओळखायला. हवालदार, दोन पंच, आमचे अभियंता आणि मी. आक्कांच्या घरात एकच लोखंडी पलंग आहे. त्यावर वह्या होत्या, सालवार लावलेल्या, आणि खाली भिंतीशी त्यांची गोधडी गुंडाळून ठेवलेली होती. महिनाभर त्या जमिनीवर झोपत होत्या.

हवालदार बरा माणूस होता. म्हणाला, "आक्का, सरकारी कागद घरात ठेवता येत नाहीत. तुम्हाला तर माहीत असणार."

"अर्ज दिन्हा शे. पोच शे." त्यांनी डबा उघडून पिशवीतला कागद काढून दिला.

हवालदारानं तो वाचला, उलटून पाहिला आणि माझ्यापुढं धरला. "ही सही तुमची का?"

माझ्या समावेशनाच्या आदेशावर अजून सही व्हायची होती. आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं आणि आवक नोंदवहीत असा काही अर्ज आलेला दिसत नाही ना, असं विचारलं होतं. मी बघतो म्हणालो होतो. त्यांनी सांगितलं होतं, नीट बघा. माझ्या घरी दोन मुली, आजारी वडील. ही कारणं मी इतक्यांदा मनात म्हटली आहेत, की आता ती दुसऱ्या कुणाची वाटतात.

"शिक्का आमचाच आहे," मी म्हणालो. "सही नीट वाचता येत नाही."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग हवालदाराकडे वळून म्हणाल्या, "वह्या मोजी ल्या. एकेकनं साल लिखा, पानं लिखा. मोघम लिखू नका."

अडीच तास लागले. एक्केचाळीस वह्या त्यांनी एकेक करून हातात दिल्या, आणि प्रत्येक वेळी लुगड्याचा तुकडा सोडून बाजूला ठेवला. अभियंता म्हणाले, कापडासकट द्या. "कापड मन्हं शे," आक्का म्हणाल्या. वह्या उघड्याच गोणपाटात भरल्या गेल्या. पंचनाम्याखाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली. त्यांच्या खाली मी केली.

दोन महिन्यांनी गोण्या परत आल्या. ताब्यात मी घेतल्या. मोजल्या तर चाळीस. पुन्हा मोजल्या. साहेबांना सांगितलं तर ते मोबाईलमधून मान न काढता म्हणाले, "चाळीसच आल्या असतील. चाळीस लिहा." मी चाळीस लिहिलं. कोणती वही नव्हती ते सांगायची गरज नाही. बाकीच्या त्याच गळक्या खोलीत गेल्या. छपराचा प्रस्ताव मंजूर झाला होता, काम सुरू व्हायचं होतं.

रमिला पुन्हा आली. तिला सोमवारपर्यंत कागद द्यायचा होता. मी संगणकावर दाखला टाईप केला की सदर कालावधीचा अभिलेख कार्यालयात उपलब्ध नाही. साहेबांनी सही केली. तिनं तो उभ्यानंच वाचला, दोनदा.

"सर, मग माझा आजोबा मेला नाही का?"

"तसं नाही. नोंद उपलब्ध नाही."

"पण आक्कांनी मला दाखवली होती. पान नंबर आहे."

"वही नाही ना," मी म्हणालो.

ती चिठ्ठी आणि दाखला एकत्र घडी करून घेऊन गेली. तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. अण्णांच्या विरोधातल्या माणसालाही मी तोच दाखला टाईप करून दिला, फक्त नाव बदलून. अण्णा अजून नगरसेवक आहेत, आता पाणीपुरवठा समितीचे सभापती. भेटले की माझ्या खांद्यावर हात ठेवतात.

आक्कांच्या खटल्याच्या तारखा शहाद्याला पडत राहिल्या. एकट्या जायच्या, सकाळच्या एसटीनं. मुलगी नवापूरला दिलेली, ती एकदोनदा आली. मला साक्षीला बोलावणं आलं तेव्हा मी आजारी असल्याचं पत्र दिलं. शेवटी शिक्का खरा असल्यामुळं त्यांचा हेतू चोरीचा नव्हता असं ठरलं आणि त्या सुटल्या. वर्तमानपत्रात चोरीची बातमी आली होती, सुटल्याची आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात खोलीचं छप्पर कोसळलं. वह्यांचा लगदा झाला होता. मुख्याधिकारी तोवर बदलून गेले होते, नव्यांनी निर्लेखनाचा प्रस्ताव करायला सांगितला, म्हणजे हे दप्तर निकामी झालं असं लेखी ठरवायचं. तोही मीच केला. कोंडवाडा पाडून तिथं आता सोळा गाळ्यांचं व्यापारी संकुल झालंय. उद्घाटनाच्या स्मरणिकेत "आपल्या शहराचा इतिहास" म्हणून दीड पान आहे. साहेबांच्या सांगण्यावरून ते मी लिहिलं. त्यात पहिल्या सरपंचांचं नाव चुकलंय. पायरीवर बसलेल्या सभासदाचं नाव मला आठवलं नाही, म्हणून तो प्रसंग घातला नाही. आक्कांना विचारता आलं असतं. त्यांचं घर संकुलापासून दोनशे पावलांवर आहे.

पाड्यांवरचे लोक अजून कधीमधी त्यांच्या ओट्यावर येतात. त्या सांगतात, मन्हापाशी काहीच नही, आणि त्यांना पाणी देतात.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. फाट्यावर गुजरातकडे ऊसतोडीला जाणारे ट्रक लागले होते. माणसं, भांडी, कोंबड्या, गोधड्या वर चढत होत्या. मी कार्यालयात निघालो होतो, गर्दीमुळं मोटारसायकल बंद करून थांबलो. एका ट्रकपाशी आक्का दिसल्या. खूप वाळल्या होत्या. त्यांच्या हाताला धरून सहा-सात वर्षांची एक मुलगी उभी होती. ट्रकच्या फाळक्यावर पाय ठेवून रमिला वर चढत होती, मागं तिचा भाऊ आणि वहिनी. आक्का खालून तिला पातेलं देत होत्या, पाण्याचा ड्रम देत होत्या. कुणी तरी शेजारी म्हणालं की भावाची मुलगी आक्कांकडे राहणार, म्हणजे शाळा बुडायची नाही.

रमिलानं मला वरून पाहिलं. ओळखलं असावं. तिनं तोंड फिरवलं आणि आत जागा करायला लागली.

मी जवळ गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांनी काही तरी बोलावं असं वाटलं, आणि भर रस्त्यात, एवढ्या माणसांत फार बोलावं लागणार नाही अशीही सोय होती.

"आक्का," मी म्हणालो.

"हा, बोला साहेब."

"तब्येत कशी आहे?"

"बरी शे."

"आक्का, ते तेव्हा मी..."

त्यांनी मला थांबवलं नाही. वाट पाहिली. माझ्याच तोंडातून पुढचा शब्द निघाला नाही. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मुलगी दचकली आणि आक्कांच्या लुगड्याला बिलगली. आक्कांनी तिला उचलून कडेवर घेतलं, त्या वयात, आणि ट्रकच्या दिशेनं तिचा हात हलवून दाखवायला लागल्या.

"तुम्ही जा साहेब," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "तुमनं हापिस उघडी गयं व्हई."

मी मोटारसायकल चालू केली आणि गेलो.